मोहाच्या फांदीवरची गाण्याची डबी

मी एक जुनी गाण्याची डबी आहे, मित्रांनो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा लाल रंग उडाला आहे, एरियल मोडून त्या जागी सायकलच्या चाकाची तार बसवली आहे, आणि पाठीमागचं झाकण पडू नये म्हणून माझ्या पोटाला रबर बांधलेलं आहे. पण मी तोंड उघडलं की अजून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. तुमच्या हातातल्या त्या गुळगुळीत फोनला म्हणावं, एवढं करून दाखव.

पोंभुर्णा तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावात, बायनाबाईच्या घरी, दाराजवळच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. शेजारच्या खिळ्यावर टोपली असते. मोहाच्या दिवसात आम्ही दोघी एकदमच घराबाहेर पडतो. टोपली रिकामी जाते आणि भरून येते. मी भरून जाते आणि रिकामी होऊन येते, कारण माझी बॅटरी तिथं संपलेली असते.

शिक्षण माझं फारसं नाही, ते आधीच सांगते. गाण्यांच्या फायली पुष्कळ प्रकारच्या असतात. प्रत्येक प्रकार म्हणजे गाणं लिहून ठेवायची एक वेगळी लिपी समजा. फोन शिकलेला, त्याला बहुतेक सगळ्या लिपी येतात. मला एकच येते, एमपी थ्री. पण तेवढी अशी येते की कार्ड घातलं की मी गायलाच लागते. बायनाबाईनंही तिसरीतून शाळा सोडली. तिचं कुठं अडलं? मग माझं का अडावं?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला माहीत नाही. मी डोळे उघडले ते चंद्रपूरच्या बाजारात, एका हातगाडीवर. माझ्यासारख्या लाल, निळ्या, हिरव्या डब्या तिथं रांगेनं ओरडत होत्या. तिथून बायनाबाईचा नवरा, बापूराव, चालला होता. कचेरीचं काम उरकून तो बाजारात आला होता. तो माझ्यासमोर थांबला आणि बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं मला पिशवीत घातलं आणि बस पकडली.

घरी पोचल्यावर बायनाबाईनं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"तांदूळ चाळाची चाळनी आनाले सांगतलं होतं. हे काय आनलं?"

"गाते वं ही," बापूराव म्हणाला.

"तांदूळ चाळते का?"

"नाई."

"मंग ठेव तुह्या डोक्यावर."

असं माझं स्वागत झालं. चाळणी विसरल्याबद्दल बापूरावानं त्या दिवशी जे ऐकून घेतलं, ते पुढे वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. पण दुसऱ्याच दिवशी बायनाबाई स्वतः मला पदराखाली घेऊन पोंभुर्ण्याला गेली. तिथं बसस्टँडसमोर सुलतानाचं मोबाइलचं दुकान आहे. पाटीवर नाव तिच्या नवऱ्याचं आहे, पण दुकानात हुकूम तिचाच चालतो. नखाएवढ्या कार्डात गाणी भरून देणं हे तिचं मुख्य काम.

"कोनते गाने भरू बाई?" सुलतानानं विचारलं.

"भीमाचे भर. आन् माणसाचा आवाज मोठा असन असे भर. नुसता बाजा नोको."

माझ्या पोटात तेव्हा पहिल्यांदा गाणी आली. मित्रांनो, ते दिवस काय सांगू! जयंतीला मी समाजमंदिराच्या ओट्यावर वाजायची. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसात बायनाबाई मला धुऱ्यावर, शेताच्या कडेला, छत्रीखाली ठेवायची आणि बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाया माझ्या तालावर पऱ्हे, भाताची रोपं, लावत जायच्या. "बायनाबाईची डबी आली की रोवना लवकर उरकते," असं लोक म्हणायचे. मी ते ऐकून घ्यायची. खरं ते ऐकायला लाज कसली?

पण माझं खरं काम गाणी ऐकवणं नव्हतं. ते काम मला मुखरूच्या नंतर मिळालं.

मुखरू बायनाबाईचा शेजारी. एका पहाटे तो मोह वेचायला गेला आणि परत आला नाही. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो, असं वनखात्याच्या लोकांनी गावात येऊन सांगितलं. घोळक्यानं जा, बोलत राहा, म्हणाले. घोळक्यानं जायचं तर खरं, पण आमच्याकडे मोहाचं झाड ज्याच्या त्याच्या वाट्याचं असतं. सासूचं झाड सुनेकडे येतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी पाऊल टाकत नाही. म्हणून बाया गावातून निघतात एकत्र आणि जंगलात गेल्यावर आपापल्या झाडाखाली पांगतात. तिथं कोणी कोणाला दिसत नाही.

मुखरूचा तेरावा व्हायच्या आधीच बायनाबाईनं माझ्या कानात सुतळी ओवली.

"हे पाहा," ती बापूरावाला म्हणाली, "मी वाकून वेचीन. पन माह्या डोक्यावर माणसाचा आवाज राहीन. वाघाले समजलं पाह्यजे, इथी बाई हाये, बकरी नाई."

तेव्हापासून मी मोहाच्या फांदीवर आले. माझं तोंड नेहमी नाल्याकडे असायचं, कारण जनावर नाल्यातून वर येतं. गावातलं शेवटचं घर ओलांडलं की मला सुरू करायचं, आणि परत त्या घरापाशी आलं की बंद करायचं. मध्ये क्षणभरही थांबायचं नाही. आणि घरात तर मला कोणी हात लावायचा नाही. लाईट कधी असते, कधी नसते, चार्जिंग अर्धवट होतं, म्हणून बायनाबाईनं नियमच केला होता, "बॅटरी जंगलाची हाये, घराची नाई."

इतकी वर्षं मी तिच्या कमरेला लटकून जंगलात गेले. माझी जीभ अशी का आहे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आजारपणं मलाही आली. चार्जिंगची पिन ढिली झाली, तेव्हा बापूराव ती काडी लावून तिरपी धरून बसायचा. बॅटरी पुरीसारखी फुगली, तरी बायनाबाई ती चुलीजवळ शेकून घालायची. सुलतानानं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ही फुगली म्हंजे मेली. शेकसान तर फुटन आन् बोटं नेईन." तिनं नवी घातली. एकदा माझ्या प्रत्येक गाण्यात खर्रखर्र व्हायला लागलं. बायनाबाईनं मला थापटलं, कार्ड काढून फुंकलं, पदरानं पुसलं, पुन्हा थापटलं. काही उपयोग झाला नाही. सुलतानानं मला उघडलं आणि ती हसतच सुटली.

"बाई, तुमच्या गान्यात मुंग्या झाल्या."

मोहाच्या फुलांचा गोड चिकट रस बायनाबाईच्या बोटांवरून माझ्या कार्डाच्या फटीत गेला होता आणि त्यामागून मुंग्यांनी संसार मांडला होता. सुलतानानं मला ब्रशनं झाडून काढलं. "वेचाच्या आंधी सुरू करा आन् मंग हात लावू नोका," ती म्हणाली. बायनाबाईनं मान डोलावली. ती फार कमी जणांचं ऐकते, पण सुलतानाचं ऐकते.

आता हर्षाची गोष्ट. हर्षा म्हणजे बायनाबाईच्या मुलाची, राजदीपची, मुलगी. ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते. गुणी पोर आहे. त्या वर्षी ती मोहाच्या दिवसात घरी आली होती.

"आजी, कितीक वर्सं तेच गाने? वाघाले बी पाठ झाले असन."

"पाठ झाले म्हनूनच त्याले समजते, बुढी आली म्हनून."

"नवीन भरून देऊ का?"

नातीनं काही करून देऊ का म्हटलं की कोणत्या आजीला नको वाटतं? "भर," ती म्हणाली, "पन पयलं गानं तेच राहू दे."

हर्षानं माझं कार्ड काढून फोनमध्ये घातलं. पहिलं गाणं ठेवलं, बाकीची पुसली आणि आपल्याकडची नवी भरली. तिनं सुलतानाला फोन करून विचारलंसुद्धा. सुलतानाच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. "एमपी थ्री पाह्यजे, दुसरं ही डबी घेत नाई," एवढं सांगून तिनं फोन ठेवला. हर्षानं पाहिलं तर तिच्या गाण्यांच्या नावांपुढे फाईलचा प्रकार सांगणारं दुसरंच शेपूट होतं. तिनं एकेक शेपूट खोडलं आणि तिथं एमपी थ्री लिहिलं. मग फोनवर सगळी लावून पाहिली. सगळी छान वाजली. तिला वाटलं, झालं काम. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

कार्ड माझ्यात घालून ती माझं बटण दाबणार, तेवढ्यात बायनाबाई ओरडली.

"हात काढ! बॅटरी जंगलाची हाये."

"एक डाव वाजवून पाहू दे ना आजी."

"फोनात वाजले ना? मंग हिच्यात काऊन नाई वाजनार?"

मी सगळं ऐकत होते. पण बंद डबीचं तोंडही बंद असतं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया निघाल्या. हर्षा पहिल्यांदाच सोबत आली. फोन तिनं घरी चार्जिंगला लावला, कारण आजीनं बजावलं होतं, "मोह वेचाले दोन हात लागते." शेवटचं घर ओलांडलं आणि मी सुरू झाले. पहिलं गाणं जुनंच, ओळखीचं. बाया पांगल्या. बायनाबाईनं मला फांदीला टांगलं, माझं तोंड नाल्याकडे केलं आणि त्या दोघी वाकल्या. खाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता.

पहिलं गाणं संपलं. माझ्या तोंडावर दोनचा लाल आकडा आला. मी दुसरी फाईल उघडली. वर पाटी माझ्या लिपीची होती. आत पाहिलं तर एक अक्षर ओळखू येईना. मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. पुन्हा तेच. वरची पाटी म्हणत होती वाच, आणि आतलं काही वाचता येत नव्हतं. मला पुढच्या गाण्यावरही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. दोनचा आकडा नुसता पेटून राहिला. मी मुकी झाले.

बायनाबाईला आधी वाटलं, दोन गाण्यांमधली फट आहे. ती वेचत राहिली. मग नाल्याकडच्या बेहड्यावरून एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. दुसरं ओरडलं. चितळाची शीळ आली. वाघ दिसला की जंगल असंच ओरडतं. बायनाबाई सरळ उभी राहिली.

तिनं मला खाली काढलं. थापटलं. कार्ड काढलं, फुंकलं, पदरानं पुसलं, घातलं. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत तिचं चिकट बोट पुढच्या बटणाला लागलं आणि पुन्हा दोनचा आकडा! पुन्हा शांतता. आता बटण दाबूनही मी हलेना. समोरच्या उंच गवताचे शेंडे वारा नसताना हलत होते. हर्षाच्या हातातली फुलं खाली पडली.

बायनाबाईनं मला टोपलीत टाकलं. पदर खोचला. नातीला पाठीशी घेतलं आणि तोंड सोडलं.

"कोन हाये रे तिकडं? मी बायना हावो! या झाडाखाली माही सासू वेचे, तिची सासू वेचे. तुह्या बापानं कधी इचारलं का, इथी काऊन आली म्हनून? आंगावर पट्टे असले म्हंजे जंगलाचा पाटील झाला का तू? मुखरूले नेलं, त्याचे लेकरं उघडे पाडले, लाज वाटली का? आता बुढीले पाहून राह्यला? माह्या हाडावर मास तरी हाये का रे, आंधळ्या? डुकरं सोडून म्हातारीच्या मांगं लागते! चल, हो तिकडं! नाल्यापल्याड हो!"

मध्येच ती मागे वळली. "हर्षे, तू काऊन मुकी झाली? कालेजात हेच शिकोते का? ओरड!"

हर्षा ओरडली. आधी नुसताच आवाज निघाला, मग शब्द निघाले. लांबच्या झाडाखालून एका बाईनं हाक दिली.

"बायनाबाई, कोनाले बोलून राह्यली वं?"

"वाघाले!"

"थांब, आमी येतो! आमच्याकडूनबी सांग त्याले!"

झाडाझाडाखालून बाया ओरडत, टोपल्या बडवत आल्या. बायनाबाईचं तोंड चालूच होतं. गवताचे शेंडे हलत हलत नाल्यात उतरले. वानरांचा खोकला पलीकडच्या काठावर गेला, मग आणखी पलीकडे. सगळ्या बाया एकमेकींना धरून, पाठ न फिरवता, बोलत बोलत मागे सरल्या. टोपलीत मोहफुलांवर पडून मी सगळं ऐकलं. इतकी वर्षं मी जे काम स्वतःचं समजत होते, ते ती माझ्यापेक्षा चांगलं करत होती.

घरी राजदीप संतापला. "माय, उद्यापासून जंगल बंद! त्या डब्यावर जीव टाकून फिरतं तू!"

"माह्या सासूचं झाड हाये."

"झाड मोठं का तू मोठी?"

बाजेवर बसलेला बापूराव सगळं ऐकून घेत होता. तो हळूच म्हणाला, "मले त्या वाघाचंच वाईट वाटते. आपल्याले सवय हाये. त्याचा बिचाऱ्याचा पयलाच दिवस होता." आधी हर्षा हसली, मग राजदीपलाही हसू आवरेना. शेवटी ठरलं की बायनाबाई जाईल, पण डबी पुन्हा मुकी होणार नाही याची खात्री झाल्यावरच.

हर्षा मला घेऊन पोंभुर्ण्याला गेली. सुलतानानं माझी बॅटरी काढून पुन्हा घातली, कार्ड तपासलं आणि तिला समजलं.

"पोट्टी, तू फाईलची पाटी बदलली, फाईल नाई बदलली. फोन पाटीकडं पाहत नाई, आत पाहते. म्हनून त्यात वाजलं. ही बिचारी पाटीवर भरोसा ठेवते." मग तिचा आवाज खाली आला. "मी बी फोनवर पुरतं सांगाले पाह्यजे होतं. गिऱ्हाईक बसलं होतं. ये, बस. बदलाचं कसं असते ते दाखवते."

दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. एकेक गाणं खऱ्या अर्थानं माझ्या लिपीत आलं. ती वाजवून पाहताना हर्षा मध्येच म्हणाली, "ताई, आजीचा आवाज भरता येईन का हिच्यात? वाघाले जे बोलली ते?"

घरी येऊन तिनं फोन आजीपुढे धरला. बायनाबाईनं तोंड फिरवलं. "असं सांगून बोलता येते का? राग याव लागते."

दोन दिवस हर्षा तिच्या मागे होती. राग काही येईना. तिसऱ्या दिवशी बापूरावानं नातीला फोन सुरू करायची खूण केली आणि शांतपणे म्हणाला,

"बायने, एक सांगू का? ते चाळनी मी भुललो नव्हतो. ही डबी दिसली म्हनून मुद्दामच नाई घेतली."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते माझ्या पोटात आहे. चाळणीपासून सुरुवात झाली, मग बापूरावाची लग्नातली फाटकी छत्री आली, मग त्याचे भाऊ आले, मग सगळी पुरुषजात आली आणि शेवटी वाघही आला. श्वास घ्यायलाही ती थांबली नाही. अगदी शेवटी बापूरावाचं हसू ऐकू येतं, खोकत खोकत हसलेलं.

हर्षा ते हसू कापणार होती. सुलताना म्हणाली, "राहू दे. माणसाचाच आवाज हाये ना."

ते माझ्या लिपीत आलं आणि कार्डावर पहिलं बसलं. दुसऱ्या कार्डावर त्याची एक नक्कल करून सुलतानानं आपल्याकडे ठेवली. बायनाबाईनं आपला नियम बदलला. निघायच्या आधी दारातच प्रत्येक गाण्याचं तोंड ऐकायचं, मगच पाय बाहेर टाकायचा. त्या मोसमापासून आमच्या जंगलात मी गाण्याच्या आधी बायनाबाईची बोलणी वाजवते. वाघ आवाजाला भितो की नाही, ते त्यालाच विचारा. पण चाळणीची सगळी हकीकत त्याला आता नक्की ठाऊक आहे.

त्याला आता काही वर्षं झाली. बायनाबाईचे गुडघे गेले. झाड सुनेकडे आलं. सून मला फांदीला टांगते, तेव्हा लांबच्या झाडाखालच्या बाया म्हणतात, "आली वं बायनाबाई." आणि निर्धास्त होऊन वाकतात. बापूराव मात्र आता नाही. मागच्या हिवाळ्यात तो गेला.

मित्रांनो, मी म्हातारी सांगते ते ऐका. जुन्या यंत्राला नुसतं थापटू नका, त्याला काय येतं आणि काय येत नाही ते आधी विचारा. त्याला वाचता येईल अशाच लिपीत त्याला द्या. फुगलेली बॅटरी फेका, फट पुसत जा, कामाला निघायच्या आधी दारातच एकदा वाजवून पाहा. आणि ज्या आवाजावर जीव आहे, त्याची दुसरी नक्कल कुठंतरी करून ठेवा. यंत्राचा भरवसा नाही आणि माणसाचाही नाही.

हल्ली संध्याकाळी सून चुलीजवळ असते, तेव्हा बायनाबाई भिंतीला धरून उठते आणि मला खिळ्यावरून काढते. मांडीवर घेऊन बटण दाबते. स्वतःची सगळी बोलणी ऐकते आणि मध्ये मान डोलावून म्हणते, "बरोबर बोलली होती." मग ती शेवटचं ते हसू येईपर्यंत थांबते. ते खोकत खोकत हसलेलं हसू संपलं की मला बंद करते आणि परत खिळ्यावर टांगते.

बॅटरी जंगलाची असते, घराची नाही, हा नियम तिचाच होता. तिनंच मोडला आहे. घरात कोणी तिला काही म्हणत नाही. तुम्ही एकदा काही म्हणून तर पाहा.